विहीर मे महिन्यात बघा, घर जुलैत: कोकणातलं जुनं घर घेऊन पाहुण्यांसाठी तयार करताना

जुनं घर बघायला माणसं डिसेंबरात येतात. घरापुढचं खळं (अंगण) सारवलेलं असतं, आंब्याला मोहोर फुटायला लागलेला असतो, पडवीत ऊन तिरकं येतं. एजंट सोलकढी पाजतो आणि संध्याकाळपर्यंत टोकन देऊन मंडळी मुंबईला परत. आम्हीही असंच केलं होतं. तो पहिला व्यवहार पुढे फिसकटला आणि टोकन बुडालं. मालवण-वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात दुसरं घर घेतलं ते दीड वर्षानं, आणि त्यासाठी मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत जाऊन राहिलो. मे महिन्यात विहिरीचं खरं पाणी कळतं, जुलैत घराचं खरं छप्पर. एवढं केलंत तर अर्धे प्रश्न टोकनाआधीच सुटतात.

हा लेख सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचं कौलारू घर घेऊन त्यात तीन-चार खोल्यांचा होमस्टे करू पाहणाऱ्यांसाठी आहे. कागद, छप्पर, पाणी, संडास आणि माणसं हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. रंग आणि पडदे सगळ्यात शेवटी.

आधी कागद, तोही घराचा वेगळा आणि जमिनीचा वेगळा

देशावरच्या माणसाला कोकणातली एक गोष्ट पटकन उमगत नाही. इथली वस्ती गावठाणात एकवटलेली नसते, वाड्यावाड्यांत विखुरलेली असते. त्यामुळे जुनं घर बहुतेकदा शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरच उभं असतं. घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची, असंही सर्रास आढळतं. खोती (खोतांमार्फत गावाचा सारा वसूल करायची जुनी पद्धत) १९४९ च्या कायद्यानं गेली, तरी जुन्या नोंदींची गुंतवळ अजून सुटलेली नाही.

विकणारा तुम्हाला घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवेल. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. महसूल खात्याचा ८अ हा खातेदाराच्या जमिनीचा उतारा, तो वेगळा. नावं सारखी असल्यानं बरीच फसगत इथेच होते. निव्वळ घरपट्टीच्या जोरावर बँकाही कर्ज द्यायला नाखूश असतात. गावठाणातलं घर असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आहे का ते विचारा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून अशा पत्रिका देणं सुरू झालं आहे.

सातबारा हातात आला की नुसती नावं वाचून थांबू नका. त्यावरच्या फेरफारांचे (नोंदीत झालेल्या बदलांचे) क्रमांक लिहून घ्या आणि प्रत्येक फेरफार काढा. भोगवटादार वर्ग २ लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, खासगी वनाचा शेरा यांपैकी काही दिसलं तर तिथेच थांबून वकील गाठा. १९७५ च्या खासगी वन कायद्याचा शेरा लागलेली जमीन स्वस्त मिळते, आणि ती का स्वस्त आहे हे घेणाऱ्याला नंतर कळतं. शिवाय कुळकायद्याचं कलम ६३ आहेच: शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात कुठे तुमच्या स्वतःच्या नावावर शेतजमिनीचा उतारा असेल तर मार्ग मोकळा, नाहीतर गावठाणातलं किंवा बिनशेती झालेलं घर शोधा. ‘घराभोवतीचे फक्त दोन गुंठे तोडून देतो’ असं कुणी म्हणालं तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आठवा. नोंदणी अडते ती इथे.

आता सामाईक हिश्श्यांबद्दल. आमचा पहिला व्यवहार यातच बुडाला. सातबाऱ्यावर एकोणीस नावं होती. त्यातले अकरा वारलेले, त्यांचे वारस लागलेले नव्हते. विकणाऱ्यानं सगळ्यांच्या सह्या आणतो म्हटलं आणि आणल्याही, एक सोडून. लग्न होऊन सुरतेला गेलेली एक आत्या होती. “माझा हिस्सा कुणी विचारला होता का आजवर?” एवढंच ती फोनवर म्हणाली. तिचं चूक नव्हतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि जुन्या वारसनोंदींत बहिणींची नावं गाळलेली असतील तर ती पुढे उभी राहतातच.

एकाच भावाचा अविभक्त हिस्सा घेऊन टाकू, बाकीचे मागाहून येतील, हा विचार मनातून काढा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं घेतला तर त्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणजे पैसे देऊन कोर्टाची पायरी विकत घेतलीत. आधी वारसनोंद, मग हक्कसोड किंवा वाटणीपत्र, त्यानंतर सगळ्यांच्या सह्यांचं खरेदीखत, असाच क्रम धरा. कुणी मुखत्यारपत्रावर सही करणार असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि ज्याचं आहे तो माणूस हयात आहे का, दोन्ही बघा. माणूस गेला की त्याचं साधं मुखत्यारपत्रही संपतं.

वकिलाकडून मालकीचा निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, एक जिल्ह्यातल्या पेपरात आणि एक मुंबईच्या, कारण अर्धे भाऊबंद लालबाग-डोंबिवलीत असतात. टोकनाच्या पावतीत ‘स्वच्छ मालकी सिद्ध न झाल्यास रक्कम परत’ हे वाक्य हवंच. आमच्या पावतीत ते नव्हतं.

भूमी अभिलेखची मोजणी खरेदीआधी करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. मोजणीच्या दिवशी शेजारी येतात, बोलतात, भांडतात. त्या दोन तासांत गावाबद्दल जे कळतं ते एजंट वर्षभरात सांगणार नाही.

वाट आणि समुद्र

घरापर्यंत माणूस जातो म्हणजे ट्रक जातो असं नव्हे. जांभ्याची पाखाडी (दगडी पायवाट) फोटोत सुंदर दिसते, पण चिरे, वाळू आणि पाण्याची टाकी त्याच पाखाडीवरून डोक्यावर न्यावी लागली की मजुरी दुप्पट होते. आमच्या वाटेचा शेवटचा वीस-पंचवीस पावलांचा तुकडा शेजाऱ्याच्या हिश्श्यातून जात होता. पूर्वापार वहिवाट होती, कुणाची हरकत नव्हती. पहिला डंपर आला त्या दिवशी हरकत निघाली. पिढीजात वाट अडवली तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते, पण शेजाऱ्याशी भांडून होमस्टे चालत नाही. खरेदीआधीच त्याच्याशी बसून वाटेचा नोंदणीकृत करार करा, त्याला योग्य मोबदला द्या.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार तो दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि एरवी २०० मीटर आहे. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती होऊ शकते, नवा मजला किंवा वाढीव जोतं नाही. याच अधिसूचनेत जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना होमस्टे चालवायची मुभा आहे. ती स्थानिक रहिवाशांसाठी आहे, हे बाहेरून येणाऱ्यानं नीट वाचावं.

छप्पर: इथे कंजुषी नको

घर बघताना सोबत जुना सुतार न्या. इंजिनिअर नंतर. सुतार खिशातून पेचकस काढून वाशाचं भिंतीत गेलेलं टोक टोचून बघतो. मधला वासा ठणठणीत आणि भिंतीतलं टोक भुसा, असंच बहुधा असतं, कारण पाणी आणि वाळवी दोन्ही तिथूनच शिरतात. आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड), तुळया आणि खांब शाबूत असतील तर घर वाचतं. रीप (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) आणि वासे बदलणं हा खर्च आहे, संकट नाही. आढं वाकलं असेल तर मात्र किंमत पुन्हा बोला.

जुन्या फणसाच्या, आईनाच्या, सागाच्या लाकडाला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. तसं लाकूड आज घ्यायचं तर डोळे पांढरे होतात. काढलेलं लाकूड सुताराच्या अंगणात जाऊ देऊ नका, खिडक्या आणि बाकांसाठी ठेवा. वाळवीसाठी नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची इकडची जुनी पद्धत आहे. काम चोख होतं, पण ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे हवेत. जोत्याभोवतीच्या जमिनीला मात्र वाळवीचं औषध माहीतगाराकडून मारून घ्या.

मंगलोरी कौलं बदलायची घाई नको. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून या किनाऱ्यावर ती पसरली, आणि चांगल्या कारखान्याचं जुनं कौल आजच्या नव्या कौलापेक्षा टिकाऊ निघतं. उतरवून ब्रशनं घासा, बोटाच्या गाठीनं वाजवून बघा. खणखणीत वाजलं की परत वर चढवा, भद्द वाजलं तर बाजूला. दहा-पंधरा टक्के फुटतील असं धरून तेवढी त्याच साच्याची जुनी कौलं आधीच गोळा करा, साचे जुळत नाहीत.

कौलांचा खरा शत्रू पाऊस नव्हे, माकडं. सकाळी टोळी छपरावरून गेली की पाच-सात कौलं सरकतात आणि रात्री पाहुण्याच्या उशीवर थेंब पडतो. यावर आता बरेचजण वाशांवर पत्रा टाकून त्यावर कौलं बसवतात. कौलांचा मान राहतो, गळती थांबते. मला स्वतःला हे पटायला वेळ लागला, कारण दुपारी पत्रा तापतो. पत्रा आणि कौलं यांच्यात रिपेची पोकळी ठेवली आणि आढ्याशी गरम हवा निघायला वाट ठेवली की बरंच निभतं. पत्रा बांधणाऱ्याला सांगा की नुसता ठेवून चालणार नाही. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात कोकणात किती छपरं उडाली ते गावात कुणालाही विचारा.

भिंती, जमीन आणि खोल्यांची मांडणी

जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला की पाणी आत कोंडतं, दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. आतून चुन्याचा गिलावा, बाहेरून चिरा उघडा ठेवून सांधे भरायचे, हे बरं. मातीच्या भिंती असतील तर चुना किंवा माती याशिवाय दुसरं काही लावू नका.

शहरातला आर्किटेक्ट माजघर तोडून दोन खोल्या काढायला सांगेल. ऐकू नका. ओटी, माजघर, पडवी यांच्यासाठीच तर माणसं येतात. पावसात आठ पाहुणे एकत्र बसून गप्पा मारतील अशी जागा हॉटेलात नसते. खोल्या बाजूच्या सोप्यातून, मागच्या पडवीतून काढा, आणि मांगर असेल तर तो सोनं समजा: गुरांचा जुना मांगर म्हणजे मुख्य घराला हात न लावता मिळणारी एक सुटी खोली. माझं ठाम मत आहे की तीन नीट खोल्या पाच कोंदट खोल्यांपेक्षा जास्त कमावतात.

मूळ मातीच्या किंवा जुन्या चिऱ्याच्या भिंतींच्या आत न्हाणीघर करू नका. नळाची एक बारीक गळती अख्खी भिंत खाली बसवते. प्रत्येक खोलीला मागून, स्वतंत्र जोत्यावर, नव्या चिऱ्यात न्हाणीघर जोडा. उजेडासाठी छपरात दोन-चार काचेची कौलं बसवा. सारवलेली जमीन चाकाच्या बॅगांपुढे टिकत नाही. खोल्यांत तांबडा कोबा करा आणि सारवण खळ्यापुरतं ठेवा. खिडक्यांना डासांची जाळी पहिल्या दिवसापासून हवी. बाहेरच्या पायऱ्यांवर जूनमध्ये शेवाळ धरतं, तिथे खरबरीत चिरा आणि एका बाजूला कठडा हवा.

जुनं वायरिंग दुरुस्त करत बसू नका, काढून टाका. नवं अर्थिंग करा. जांभ्यात ओल उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून खड्डा खोल घ्या आणि मे महिन्यात मोजून बघा. पाहुण्यांसाठी वीजजोडणी कोणत्या दरात बसते ते काम सुरू करण्याआधी महावितरणकडून लेखी घ्या. दर दोन खोल्यांमागे एक एसी धरून मंजूर भार मागा, आणि पंखे-दिवे चालतील एवढा इन्व्हर्टर ठेवा. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते.

पाणी आणि मैला

माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप आहे. सुट्टीवरचा माणूस समुद्रातून आला की दोनदा आंघोळ करतो, म्हणून १७५ धरा. आठ पाहुणे म्हणजे १,४०० लिटर, वर चादरी, भांडी, झाडं. रोज दोन हजार लिटरची गरज, आणि ती सगळ्यात जास्त असते एप्रिल-मे मध्ये, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो. मे महिन्यात पंप लावून विहीर उपसा आणि पुन्हा भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. खाडीकाठी असाल तर मे महिन्याचंच पाणी चाखून बघा, मचूळ लागतं का. छपरावरून पन्हळीनं पावसाचं पाणी टाकीत घ्या. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर तो तीन लाख लिटर होतो. सगळा साठवता येत नाही, पण विहिरीजवळ जिरवता येतो.

संडासाची टाकी विहिरीपासून कमीत कमी १५ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवी. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यातलं पाणी चिऱ्यातून वाट काढत कुठे निघेल सांगता येत नाही, आणि ती विहीर शेजाऱ्याची निघाली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. टाकी तीन कप्प्यांची करा आणि मैला उपसणारी गाडी तिथवर येईल अशी जागा ठेवा. आम्ही ती ठेवली नाही. पाईप जोडत जोडत मागच्या परसातून ओढावा लागला, तोही पाहुणे असताना.

परवानग्या

यादी लांब वाटते, पण कागद नीट असले की फार अडत नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणून नोंदणी, जेवण देणार तर अन्नसुरक्षेची नोंदणी (छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते). शेती असेल तर २०२० चं राज्याचं कृषी पर्यटन धोरण बघा. घरातल्या बाईच्या नावावर व्यवसाय असेल तर २०२३ च्या ‘आई’ धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंदवही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि गोव्याच्या जवळ असाल तर तो कधीतरी येतोच.

गाव

घर घेतलंत म्हणजे त्याचा गणपती घेतलात का, हा प्रश्न खरेदीखतात नसतो. जुन्या घराच्या देवघरात मूळ घराण्याचा गणपती येत असेल तर पाच दिवस अख्खं कुटुंब येऊन राहायची वहिवाट असते. आधी बसून ठरवा. आम्ही त्या दिवसांत बुकिंगच घेत नाही. विकणारे येतात, माजघरात गणपती बसवतात, आम्ही त्यांचे पाहुणे होतो. शिमग्याची पालखी कुठून जाते, तुमच्या खळ्यात थांबते का, तेही विचारून घ्या. पालखीच्या वाटेवर फाटक बांधलंत तर पुढची दहा वर्षं प्लंबर मिळणार नाही.

कामाला वाडीतलंच जोडपं ठेवा, आणि पाहुणे नसलेल्या महिन्यांतही पगार द्या. स्वयंपाक त्याच ताईंच्या हातचा: घावणे, आंबोळ्या, उकड्या तांदळाची पेज, माशाचं तिखलं. मेनूकार्ड छापू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई मागणाऱ्याला सुकटीची चटणी आणि फणसाची भाजी द्या, आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगा. कचरा उचलायला गावात गाडी येत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकच्या बाटल्यांचं काय करायचं हे तुम्हालाच ठरवायचं आहे. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हे दारावर लिहा आणि पाळा.

विहिरीला कंबरेएवढा कठडा आणि वर जाळी. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे आहेत, म्हणून चिऱ्यांचे ढीग आणि पालापाचोळा खोल्यांपासून लांब, वाटेवर दिवे. सर्पदंशाची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे जायला किती मिनिटं लागतात, हे स्वतः एकदा गाडी चालवून मोजा.

हिशेब

तीन खोल्या, एका रात्रीचे सरासरी २,५०० रुपये आणि वर्षाला शंभर रात्री भरल्या असं धरलं तर साडेसात लाख होतात. त्यातून बुकिंग साइटचं कमिशन, जोडप्याचा पगार, वीज, धुलाई, दरवर्षीची शाकारणी (कौलं नीट बसवून घेणं), रंग, पंपाची दुरुस्ती वजा करा. जे उरेल त्यात शहरातलं गृहकर्ज फिटत नाही. कर्ज काढून घर आणि कर्ज काढूनच दुरुस्ती, असं करणाऱ्यांना मी परावृत्त करतो. दुरुस्तीचा अंदाज सुतार सांगेल त्याच्या दीडपट धरा आणि दोन टप्प्यांत करा: पहिल्या वर्षी छप्पर, पाणी, मैला, वायरिंग आणि एकच खोली. ती एक हंगाम चालवा. मग बाकीच्या.

हंगाम दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे. दर शनिवार-रविवारी मुंबईकर येईल हे गृहीत धरू नका, रस्त्यानं तो एक दिवस प्रवासातच घालवतो. कोकण रेल्वेचं कोणतं स्टेशन जवळ आहे आणि तिथून रिक्षा किती घेते, हे तुमच्या जाहिरातीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य.

उघडण्याआधी प्रत्येक खोलीत स्वतः एक रात्र झोपा, दिवे-पंखे घालवून. आणि मे संपताना शेवटचा पाहुणा गेला की दुसऱ्याच दिवशी शाकारणीवाल्याला बोलवा. पडवीला झडपं बांधून घ्या, पन्हळी साफ करा, गाद्या उन्हात घालून माळ्यावर चढवा. पाच-सहा जूनपर्यंत हे उरकलं पाहिजे. त्यानंतर शाकारणीवाला फोन उचलत नाही.